क्रांतीबाईंचं कोरडं तोंड

माणसानं कशाचा हेवा करावा याला काही धरबंध असतो का? कुणी शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर जळतं, कुणी जावेच्या पाटल्यांवर. मंगळवार पेठेतल्या क्रांतीबाई इंगवले मात्र एका पोरीच्या थुंकीवर जळत होत्या. हसू नका. त्यांचं सगळं नीट ऐकलंत तर तुम्हालाही ते पटेल. निदान थोडं तरी पटेल.

क्रांतीबाई जुन्या चित्रांची डागडुजी करतात. कोल्हापुरातल्या एका संग्रहालयाच्या मागच्या अंगाला उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांची एक खोली आहे, तिला सगळे स्टुडिओ म्हणतात. घराघरांतून आलेली जुनी तैलचित्रं तिथं येतात. धुरानं काळवंडलेली, पाल फिरलेली, रंगाचे पोपडे सुटलेली. तिथली माणसं ती साफ करतात, भोकं बुजवतात, सुटलेला रंग परत चिकटवतात. क्रांतीबाई तिथं पोरवयात लागल्या आणि आता निवृत्तीला आल्या. वडील आण्णा मोर्च्यात झेंडा घेऊन पुढं चालणारे, म्हणून लेकीचं नाव क्रांती. लेक तशीच निघाली. कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, आणि आपलं कुणाला घेऊ द्यायचं नाही.

आता थुंकीचं सांगतो. चित्रावरची धूळ, समईची काजळी, उदबत्तीचा चिकटा काढायला औषधं आहेत, पण औषध कधी रंगालाही धरतं. माणसाच्या थुंकीत मात्र असं काही आहे की ती मळ सोडवते आणि रंगाला धक्का लावत नाही. जगभर हे काम करणारे थुंकी वापरतात. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात धरून ओला करायचा आणि चित्रावर हलक्या हातानं लाटण्यासारखा फिरवायचा. घासायचं नाही. कापसावर काळं आलं की समाधान. आणि कधी चुकून कापसावर रंग आला, तर त्या रात्री झोप नाही. कारण तो रंग शंभर वर्षांपूर्वीच्या हातानं लावलेला, तो काही परत यायचा नाही.

थुंकी चांगली राहावी म्हणून स्टुडिओत पथ्य असतं. कामाआधी चहा नाही, मिसरी नाही, लोणचं नाही, आंबट तर अजिबात नाही. आंबट खाल्लेल्या तोंडाची थुंकी औषधापेक्षा वाईट. हे पथ्य क्रांतीबाईंना शिकवलं त्यांच्या गुरूंनी, दत्तप्रसाद सरांनी. ते आता नाहीत. त्यांनी आणखी एक शिरस्ता घालून दिला होता, चेहरा थोरल्या हाताचा. म्हणजे चित्रातला पदर, गालिचा, पडदा, कुत्रं, हे नव्यांनी करायचं. चेहऱ्याला हात लावायचा तो स्टुडिओतल्या सगळ्यात मुरलेल्या माणसानं. क्रांतीबाईंनी किती वर्षं गालिचे धुतले ते त्यांनाच ठाऊक. राजेरजवाड्यांच्या जोड्यांची टोकं पुसली, सिंहासनाचे पाय पुसले. सर गेले तेव्हा कुठं चेहरे त्यांच्याकडं आले. मग मात्र त्यांनी ते कुणाला दिले नाहीत. नवरा विजयसिंह चेष्टेनं म्हणायचा, "माझ्याकडं एवढं निरखून कधी बघितलंस का?" त्या म्हणायच्या, "तुमच्या चेहऱ्यावर एवढा मळ न्हाय."

आणि मग गेल्या वर्षी त्यांचं तोंड सुकलं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याचा हा गुण. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पाणी पीत जा. पाणी पिऊन तोंड ओलं होतं, थुंकी येते का? कापूस तोंडात धरला की तसाच कोरडा बाहेर यायचा, जिभेला धागे चिकटायचे. आधी जी भुवई एका सकाळी व्हायची, तिला आठवडा लागायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? माझ्या तोंडाला थुंकी येत न्हाय म्हणून? त्या म्हणायच्या, उजेड बरा न्हाय. त्या म्हणायच्या, पाठ धरलीया.

नेमकी त्याच सुमारास तेजस्वी आली. हुपरीची पोर. घरात पैंजण घडवायचं काम, बाप, चुलते, सगळे चांदीवर वाकलेले. ही परराज्यात जाऊन चित्रांची डागडुजी शिकून आली होती. हात बारीक, नजर बारीक, आणि तोंड? अहो, काय सांगायचं. काडी ओठात धरली की ओली. झऱ्यासारखी पोर. दिवसभर काम करायची आणि वर गप्पाही मारायची. क्रांतीबाई शेजारच्या टेबलावरून बघायच्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं शिक्षण त्यांच्या डोळ्यात खुपलं नाही, तिची सरळ वेणी खुपली नाही, तिचं वयही खुपलं नाही. खुपायचा तो तिचा ओला कापूस.

बरं, पोर वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती "काकू, काकू" करायची. डब्यातला खर्डा आधी क्रांतीबाईंच्या ताटलीत वाढायची. त्यानं आणखीच आग व्हायची.

बिद्रीकडच्या एका घरातून एक चित्र आलं. हिरव्या नऊवारीतली एक वयस्क बाई, नाकात मोठी नथ, हात मांडीवर. घरचे तिला आक्कासाहेब म्हणत. पिढ्यान् पिढ्या चित्र देवघराच्या भिंतीला होतं, त्यामुळं आक्कासाहेब धुरानं पार काळ्या पडल्या होत्या. चेहऱ्यातले डोळे तेवढे दिसत होते. क्रांतीबाईंनी चित्र बघितलं आणि त्यांचा जीवच गेला त्याच्यावर. निवृत्तीच्या आधी हा एक चेहरा आपल्या हातानं उजळायचा, मग खुशाल घरी बसायचं, असं त्यांनी मनात धरलं.

स्टुडिओचे प्रमुख अमरसिंह सर. वयानं क्रांतीबाईंपेक्षा लहान, माणूस भिडस्त. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, "बाई, या खेपेला चेहरा तेजस्वीला देऊ. तुम्ही पदराचं बघा. जरीची वेलबुट्टी आहे, तिथं तुमच्याच हाताचं काम आहे."

क्रांतीबाईंना वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्या डोक्यावरचा पदर ओढला. "का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"वेळ कमी आहे ओ," सर म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

म्हणजे पुन्हा पदर. पदराला साधं पाणी चालतं. क्रांतीबाई बाटलीतल्या पाण्यानं जरीची वेलबुट्टी पुसत बसल्या आणि हाताच्या अंतरावर ती पोर आक्कासाहेबांच्या कपाळावरचा धूर उतरवू लागली. आधी एक भुवई उघडली, मग नथीतला मोती. येणारा जाणारा तेजस्वीच्या मागं उभा राहून "वा" म्हणायचा. पदराला कोण वा म्हणतंय? क्रांतीबाई घरी जाऊन भांडी आपटायच्या. विजयसिंह विचारायचा काय झालं, तर म्हणायच्या, काय न्हाय. रात्री पडल्या पडल्या त्यांच्या मनात यायचं, त्या पोरीच्या तोंडाला फोड येऊ दे. एक बारीकसा. जास्त न्हाय. मग स्वतःच्याच मनाची लाज वाटायची आणि लाज वाटूनही फोडाची इच्छा जायची नाही.

आणि त्यात आला फोटोवाला. पृथ्वीराज त्याचं नाव. संग्रहालयाच्या दारात एक मोठा फोटो लावायचा होता, चित्रं जपणारी माणसं कामाला बसलेली, असा. त्यानं दिवे लावले, पडदे ओढले, खोलीभर फिरून बघितलं आणि तेजस्वीला चेहऱ्यापाशी बसवलं. "तुम्ही तुमचं काम चालू ठेवा. आणि काकू, तुम्ही आहे तिथंच पाठीमागं. जरा धूसर याल, पण छान वाटेल."

धूसर. एवढी वर्षं काढली आणि दारातल्या फोटोत धूसर. पोरं-टोरं, शाळेच्या सहली, परदेशी पाहुणे, सगळे त्या पोरीला बघणार आणि मागं कुणीतरी बाई बसलीय म्हणणार. क्रांतीबाई उठल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, ह्या खोलीत थोरली कोण?"

सरांची पंचाईत झाली. ते काही बोलायच्या आत तेजस्वी स्टुलावरून उठली. "बरोबर हाय की. काकू, तुम्ही बसा. मी दिवा धरते." इतक्या सहज उठली, की जणू बसमधली जागा दिली. क्रांतीबाईंनी ज्याच्यासाठी आयुष्य घातलं ते तिला इतकं हलकं वाटावं, याचाही त्यांना राग आला. पण त्या बसल्या.

"काकू, एक विनंती," पृथ्वीराज म्हणाला. "खोटं खोटं नको. खरं काम करा. ते डोळ्यांत दिसतं."

क्रांतीबाईंनी काडी घेतली, कापूस तोंडात धरला. कोरडा ठणठणीत. जीभ टाळूला चिकटली. सगळे बघत होते. "आले हं," म्हणून त्या उठल्या आणि डबे ठेवायच्या कोपऱ्यात गेल्या. पाण्याची बाटली घ्यायला गेल्या होत्या त्या, खरंच. पण पिशवीत वर सकाळीच घेतलेला चिंचेचा गोळा होता, संध्याकाळच्या आमटीसाठी.

त्यांना पथ्य माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच ते कितीजणांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी त्यांना एकच दिसत होतं, की परत जाऊन कोरडा कापूस दाखवावा लागला तर पोर दिवा ठेवून म्हणेल, काकू, मी बसू का? त्यांनी बोटभर चिंच तोडली आणि दाढेखाली धरली.

आणि काय सांगू, तोंड भरून आलं. वर्षभरानं. गालाच्या आतून, जिभेच्या खालून, पाटाला पाणी सोडावं तसं. क्रांतीबाईंच्या डोळ्यांतसुद्धा पाणी आलं. त्यांनी चिंचोका थुंकला, वरवर चूळ भरली आणि स्टुलावर येऊन बसल्या. कापूस ओला झाला. त्यांनी तो आक्कासाहेबांच्या गालावर ठेवला, नथीच्या शेजारी, आणि लाटायला सुरुवात केली. धूर निघाला. नुसता निघाला नाही, भराभर निघाला. कॅमेरा कटकट वाजत होता. क्रांतीबाई सगळं विसरल्या. हात चालला होता, आपला हात, जुना हात. थांबायला हवं होतं तिथं त्या थांबल्या नाहीत.

मग त्यांनी कापूस उलटून बघितला. तो गुलाबी होता.

गालावर नथीच्या बाजूला मसुरीएवढा फिकट ठिपका पडला होता. जुन्या चित्रकारानं अगदी शेवटी, पातळ करून लावलेली लाली तेवढ्या जागी गेली होती. क्रांतीबाईंनी कापूस मुठीत धरला आणि मूठ ॲप्रनच्या खिशात घातली. "झालं का ओ?" त्यांनी विचारलं.

"झालं झालं. काय आलाय फोटो, काकू," पृथ्वीराज म्हणाला. तेजस्वी दिवा विझवत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाजूनं दिवा धरून आडव्या उजेडात चित्र तपासलं आणि ठिपका त्यांना दिसला. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूसच नव्हता तो. "या गालावर कोण होतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

क्रांतीबाईंनी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत तेजस्वी बोलली. "मी, सर. काल सकाळी मीच सुरू केला तो गाल." ती पुढं वाकली, ठिपका बघितला, आणि तिच्या ओठांचा रंग उडाला. "माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय? कापूस तर काळाच व्हता."

"बाईंनी फोटोच्या वेळी...?" सरांनी क्रांतीबाईंकडं बघितलं.

"काकूंचा हात हाय तो, सर," तेजस्वी म्हणाली. "त्यांच्याकडनं असं हुईल का? माझ्याच हातनं गेलं असणार."

  ती पोर क्रांतीबाईंच्या हाताची ग्वाही देत होती आणि त्या खिशातल्या कापसाभोवती बोटं आवळून उभ्या होत्या.

सर म्हणाले, "चेहरा बाईंकडं द्या आता."

झालं की मनासारखं. चेहरा मिळाला, फोटो मिळाला, पोर बाजूला गेली. क्रांतीबाईंना पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. पण पोर काही बोलेना, जेवेना. डबा उघडायची आणि तसाच मिटायची. चौकटीची धूळ पुसत बसायची आणि मधूनच आपल्या हातांकडं बघायची. सर तिच्यासाठी चहा मागवायचे, तिच्या शेजारी बसून समजूत घालायचे, होतं गं, शिकताना होतं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण क्रांतीबाईंना त्या चहाचाही हेवा वाटला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तर सगळी खोली गोळा झाली. आपलं तोंड वर्षभर कोरडं पडलंय, कुणी विचारलं का? आपण सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या मनाला पटेना.

चेहऱ्यापाशी त्या बसल्या नाहीत ते नाहीतच. उजेड बरा न्हाय. पाठ धरलीया. आधी पदर पुरा करते. ती जुनीच पुराणं त्यांनी पुन्हा लावली.

मग एका सकाळी पृथ्वीराज फोटो चौकटीत घालून घेऊन आला. दोघांनी उचलावा एवढा मोठा. भिंतीला टेकवला आणि सगळे भोवती गोळा झाले. क्रांतीबाईंनी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. आक्कासाहेबांच्या चेहऱ्यापाशी त्या वाकलेल्या, हात उचललेला, आणि तोंडावर असं सुख की बघणाऱ्यानं बघत राहावं. डोळे ओले. तेजस्वीचा फक्त दिवा धरलेला हात आला होता, मनगटापर्यंत.

"काकू, कामावर एवढं प्रेम असलेलं माणूस मी बघितलं नव्हतं," पृथ्वीराज म्हणाला. सर मान हलवत होते. मग त्यांनी स्टूल चित्रापाशी सरकवलं. "बाई, आज उजेड झकास आहे. सुरू करूया."

नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. क्रांतीबाई बसल्या. तेजस्वी आली, हातात काड्यांची वाटी. तिनं सगळ्या काड्यांना कापूस गुंडाळून ठेवला होता, एकसारखा, घट्ट. वाटी तिनं क्रांतीबाईंच्या उजव्या हाताशी ठेवली.

"काकू, नथीपाशी जपून. तिथं माझ्यानं खराब झालंय," ती म्हणाली. "मी सरांना सांगितलंय, ह्या महिनाअखेर जाणार मी. बाबांच्या कारखान्यात बसते. पैंजणाला टाका चुकला तर चांदी परत वितळवता येते."

क्रांतीबाईंनी काडी उचलली. ओठात धरली. तोंड असं कोरडं, की कापूस ओठाला चिकटून सोलून निघाला. त्यांनी दुसरी घेतली. तीही तशीच. खोलीत सगळे त्यांच्याकडं बघत होते, भिंतीला टेकलेल्या फोटोतून जणू त्यासुद्धा स्वतःकडं बघत होत्या, आणि ती पोर वेणी पाठीवर टाकून जायला वळली होती. जाऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. खरंच आलं. गेली की कुणाला काही कळायचं नाही, आणि आपण पाठ धरलीया म्हणून निवृत्तीपर्यंत रेटू. मग त्यांना वाटलं, मी रेटीन, पण ह्या आक्कासाहेबांना उजळणार कोण?

"तेजस्वी," त्या म्हणाल्या. "तो रंग तुझ्यानं गेला न्हाय."

पोर थांबली.

"माझ्या तोंडाला थुंकी येत न्हाय. वरीस झालं. गोळ्यांनी सुकलंय सगळं. फोटोच्या वेळी तुझ्यापुढं हसं हुईल म्हणून चिंच खाल्ली मी."

"चिंच?" अमरसिंह सर एवढंच म्हणाले आणि मटकन खुर्चीवर बसले.

"चिंचेचं काय?" पृथ्वीराजनं विचारलं. 

"तुझ्या वल्या कापसावर जळत हुते मी," क्रांतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, नेहमीसारखा, भांडणात चढतो तसा. "आल्या दिवसापास्नं. तू गेलीस तर बरं, असं आत्ता ह्या घडीलाबी वाटतंय मला. पण जाऊ नगंस."

तेजस्वी रडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. ती ठिपक्यावर वाकली, आणि तिचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"मला वाटलं माझे हातच गेले," ती म्हणाली. "घरी आईला सांगितलं मी तसं. आन् तुम्ही बघत हुता, काकू. रोज बघत हुता."



"उठा," तेजस्वी म्हणाली.

रोज 'काकू, तुम्ही बसा' म्हणणारी पोर ती. क्रांतीबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना चेहऱ्यासमोरून कुणी उठवलं नव्हतं. सर फोटोपाशी गेले, चौकट दोन्ही हातांनी धरून भिंतीकडं तोंड करून ठेवायला लागले. "हा आता काय लावायचा," ते पुटपुटले.

"लावा की, सर," तेजस्वी स्टुलावर बसत, मागं न वळता म्हणाली. "काकू किती खूश दिसत्यात त्यात."

तिनं काडी ओठात धरली. कापूस ओला झाला, लगेच. ती आक्कासाहेबांच्या दुसऱ्या गालावर वाकली. पदराच्या टेबलापाशी उभ्या राहून क्रांतीबाईंनी ते बघितलं, आणि एवढं सगळं होऊनही त्यांच्या पोटात दुखलंच.